आकड्यांची वर्णव्यवस्था

पनवेलच्या एस. टी. स्टँडसमोर उड्डाणपुलाखाली पाच मिनिटे उभे राहावे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचाव्यात. शहराची जेवढी ओळख तिथे होते तेवढी महापालिकेच्या अहवालातही होत नाही. चार-एक-चार-एक हे आकडे वाकवून, त्यांच्या डोक्यावर रेघ ओढून कुणी 'दादा' केलेला असतो. कुणी ऐंशी-पंचावन्नचा 'बॉस' केलेला असतो. कुणाच्या पाटीवर शहाण्णव एवढाच आकडा ठळक, बाकीचे आकडे मुंगीएवढे. कुणाच्या पाटीवर आकड्यांपेक्षा आडनाव मोठे. कुठे 'सरपंच', कुठे 'प्रेस', कुठे 'पोलीस', तर कुठे नुसतेच 'नाद करायचा नाय'. पूर्वी रायगडातल्या आपल्या गाड्या एमएच ०६ लिहून पेणहून यायच्या. पनवेलला एमएच ४६ मिळाला. अक्षरे बदलली, आकडा बदलला. पण पाटीतून जात, पद आणि पैसा दाखवण्याची हौस मात्र बदलली नाही, उलट वाढली.

वाचक विचारतील, देशापुढे आरक्षणाचे, खासगीकरणाचे, अत्याचाराचे एवढे प्रश्न असताना आम्ही गाडीच्या पाटीवर काय लिहीत बसलो? प्रश्न रास्त आहे. परंतु ही पाटी दिसते तेवढी किरकोळ नाही. तिच्यावर शासनाचा महसूल उभा आहे, जातीचा माज उभा आहे आणि आपल्यातल्या गोरगरिबांच्या रक्ताची किंमतही तिच्यावरच ठरते आहे. कशी, ते क्रमाने पाहू.

प्रथम कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक वाहनाला नोंदणी क्रमांक मिळतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ५० आणि ५१ मध्ये ही पाटी कशी असावी ते मिलिमीटरमध्ये सांगितले आहे. मोटारगाडीच्या पाटीवरील अक्षर ६५ मिलिमीटर उंच, १० मिलिमीटर जाड आणि दोन अक्षरांत १० मिलिमीटर अंतर. खासगी गाडीला पांढऱ्यावर काळे, भाड्याच्या गाडीला पिवळ्यावर काळे. अक्षरे इंग्रजी, आकडेही इंग्रजीत लिहितात तेच. यात 'दादा'ला जागा नाही, 'बॉस'ला नाही, शहाण्णवला नाही आणि, आधीच सांगून टाकतो, 'जयभीम'लाही नाही. नियम मोडला तर कलम १७७ प्रमाणे पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी १५०० रुपयांपर्यंत दंड. लाखो रुपये मोजून आकडा घेणाऱ्याला ५०० रुपयांचे भय वाटेल काय? त्याच्या एका वेळच्या चहापाण्याचा तो खर्च आहे.

हा आकडा लाखांना विकते कोण? खुद्द शासन! ऑगस्ट २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने पसंतीच्या क्रमांकांचे दर वाढवले. चारचाकीला शून्य-शून्य-शून्य-एक हवा असेल तर ५ लाख रुपये. मुंबई-पुण्यासारख्या मागणीच्या भागात ६ लाख. आणि चालू मालिकेबाहेरचा हवा असेल तर ही रक्कम १८ लाखांपर्यंत जाते. त्याच्या खाली नऊ, नव्याण्णव, नऊशे नव्याण्णव अशा आकड्यांचा अडीच लाखांचा वर्ग. त्याच्या खाली आणखी एक, त्याच्याही खाली आणखी एक. अगदी तळाला तुम्ही-आम्ही. जो येईल तो आकडा मुकाट्याने घेणारे. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचे याहून सोपे उदाहरण शाळेच्या पुस्तकातही सापडणार नाही. एक ते नऊ हजार नऊशे नव्याण्णव हे आकडे बिचारे निर्गुण. त्यांना ना जात, ना कूळ. आपल्या माणसांनी त्यांचीही उतरंड लावली आणि शासनाने त्या उतरंडीचे दरपत्रक छापले.

शासनाला महसूल हवा, हे आम्हाला कळते. हौसेला मोल नसते आणि ज्याच्याकडे आहे त्याने भरावे, यालाही आमची हरकत नाही. पण आकडा विकत घेतला म्हणजे तो वाकवण्याचा हक्कही विकत घेतला, अशी जी समजूत झाली आहे ती मात्र घातक आहे. शासनाने क्रमांक विकला आहे, कायदा विकलेला नाही!

पनवेल परिसरात ही हौस एवढी का फोफावली, याचेही उत्तर शोधले पाहिजे. नवी मुंबईसाठी इथली भातशेती आणि मिठागरे गेली. १९८४ च्या जानेवारीत जासईला शेतकऱ्यांनी रक्त सांडले, पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा कुठे पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे धोरण आले. तो लढा न्याय्य होता आणि त्याला आमचा मुजरा आहे. परंतु ज्याच्या नावावर सातबारा, त्यालाच भूखंड. हा त्या व्यवस्थेचा पाया होता. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याच शेतात मजुरी केली, त्याच मिठागरात पाय कुजवले, त्या बौद्धवाड्यांतल्या आणि कातकरीवाड्यांतल्या भूमिहीनांच्या वाट्याला सातबारा नव्हता, म्हणून भूखंडही नव्हता. आज विमानतळ उभे राहिले, ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे उद्‌घाटन झाले. जमिनीला सोन्याचा भाव आला. काहींच्या दारात लाखांच्या आकड्याच्या गाड्या आल्या आणि काहींच्या दारात त्या गाड्यांचा धुरळा आला. पाटीवरचा शहाण्णव या सगळ्याच्या वर चढून बसला आहे.

आता गाडी चालवणाऱ्यांना काय वाटते? आम्ही मुद्दाम विचारत फिरलो. एक रिक्षावाले काका म्हणाले, "आमच्या रिक्षाला कसला नंबर साहेब, आला तो घेतला. पाटीवर जरा रंग उडाला तर हवालदार अडवतो. त्या काळ्या काचावाल्याला मात्र सलाम ठोकतो." एका ट्रकचालकाने सांगितले, की पाटीवर नाव असलेली गाडी मागून हॉर्न देऊ लागली की तो आपोआप बाजूला होतो, भांडण नको म्हणून. एक व्यापारी म्हणाले, "मुलीच्या जन्मतारखेचा नंबर घेतला, त्यात काय वाईट?" खरेच, त्यात काहीच वाईट नाही. नियमाप्रमाणे फी भरली, नियमाप्रमाणे पाटी लावली. कुणाच्या पोटात दुखायचे कारण नाही. त्या माणसाची पाटी सरळ होती, वाचता येत होती. आमची तक्रार आवडीबद्दल नाही, मुजोरीबद्दल आहे.

पण आम्हाला विचारात पाडले ते आपल्याच वस्तीतल्या एका पोराने. नवी मोटारसायकल, पाटीवर निळ्या अक्षरांत 'जयभीम' आणि खाली एकोणीसशे छप्पन्न. आम्ही त्याला नियम सांगू लागलो तसा तो उसळून म्हणाला, "साहेब, ते शहाण्णव लिहून फिरतात ते चालते. आम्ही छप्पन्न लिहिले की तुम्हाला कायदा आठवतो!"

त्याच्या या एका वाक्यात फार मोठे दुःख आहे. ते झटकून टाकता येत नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत सागर शेजवळ या नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या तरुणाचा खून झाला. का? तर त्याच्या मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्याचा राग आला! ज्या महाराष्ट्रात खिशातल्या फोनवर बाबासाहेबांचे गाणे वाजले म्हणून जीव जातो, त्या महाराष्ट्रात उघड रस्त्यावर गाडीवर 'जयभीम' लिहून फिरणे ही नुसती हौस नसते, ते धाडस असते. वरच्या जातीचा शहाण्णव म्हणतो, 'मी कोण आहे ते ओळख आणि बाजूला हो.' आपल्या पोराचा छप्पन्न म्हणतो, 'मी कोण आहे ते लपवणार नाही.' पहिली धमकी आहे, दुसरे आत्मभान आहे. या दोहोंना एकाच तराजूत तोलणाऱ्या शहाण्यांशी आम्ही सहमत नाही.

तरीही त्या पोराला आम्ही सांगितले आणि इथेही सांगतो, की बाबा, पाटी बदल. का, ते नीट ऐकून घे.

१९२९ साली बाबासाहेब अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या शासकीय समितीचे सदस्य म्हणून खानदेशात गेले होते. धुळ्याहून परतताना चाळीसगावच्या आपल्या लोकांच्या आग्रहास्तव ते तिथे उतरले. स्टेशनवर त्यांना तासभर ताटकळावे लागले; कारण एकही टांगेवाला अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला तयार नव्हता. शेवटी टांगा मिळाला, टांगेवाला नाही. आपल्यातल्याच एकाने, ज्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती, लगाम हाती घेतला. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. पुढे या प्रसंगाबद्दल लिहिताना बाबासाहेबांनी दाखवून दिले, की एक साधा टांगेवालासुद्धा बॅरिस्टर असलेल्या अस्पृश्यापेक्षा स्वतःला श्रेष्ठ समजतो. त्या टांग्यावर 'बॅरिस्टर' अशी सोन्याची पाटी लावली असती तर काय फरक पडला असता? काहीही नाही! जात पाटीने जात नाही. पाटीने ती फक्त झाकली जाते किंवा उघडी पडते.

याच रायगडात, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेला जाताना बाबासाहेब 'पद्मावती' बोटीने दासगावच्या बंदरामार्गे आले. मोटारवाल्यांनी ऐनवेळी नकार दिला तर दासगावहून महाडपर्यंत पायी जाता येईल, हा त्यामागचा विचार होता. आज २० मार्चला पनवेलहून आपल्या शेकडो गाड्या पेण, नागोठणे, कोलाड, माणगाव करीत महाडला जातात आणि त्याच दासगाववरून पुढे सरकतात. ज्यांना मोटारीत घेतले जात नव्हते त्यांच्या नातवंडांच्या आज स्वतःच्या मोटारी आहेत. हे कुठल्या आकड्याने झाले? शिक्षणाने झाले, संघटनेने झाले, संघर्षाने झाले. चवदार तळ्याची लढाई सर्वांना समान पाणी मिळावे म्हणून होती. आपल्यासाठी सोन्याची वेगळी घागर मिळावी म्हणून नव्हती.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आम्ही मोटार अपघात दाव्यांची कामे करतो, म्हणून हे अधिकाराने सांगतो. नोंदणी क्रमांक हा रस्त्यावरच्या गरीब माणसाचा एकमेव साक्षीदार असतो. त्याच्याकडे गाडीत कॅमेरा नसतो, पोलिसांत ओळख नसते. त्याच्याकडे फक्त कुणीतरी पाहिलेला नंबर असतो.

आमच्या परिचयाच्या एका घरातली बाई साफसफाईच्या कंत्राटावर होती. वय ३८, पगार महिना १५ हजार, घरात तिच्यावर विसंबलेली तीन माणसे. पहाटे कामावर जाताना महामार्गावर एका गाडीने तिला उडवले. चहाच्या टपरीवाल्याने गाडी पाहिली, पाटीही पाहिली. पोलिसांनी नंबर विचारला तर तो म्हणाला, "साहेब, 'दादा' लिहिले होते." मालिकेची अक्षरे बारीक, जिल्ह्याचा आकडा दिसेना. असे 'दादा' एका रायगडात किती निघतील! गुन्हा दाखल झाला 'अज्ञात वाहना'विरुद्ध.

याचा अर्थ काय होतो ते रुपयांत सांगतो. वाहन अज्ञात राहिले, तर १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या योजनेप्रमाणे मृत्यूबद्दल २ लाख रुपये आणि गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार मिळतात. विषय संपला. वाहन सापडले असते, तर कलम १६६ खाली प्राधिकरणापुढे दावा चालला असता. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निवाड्यांनी हिशेब ठरवून दिला आहे. १५ हजारांत भविष्यातील वाढीचे ४० टक्के मिळवले की २१ हजार. त्यातून तिच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा केला की १४ हजार. वर्षाचे झाले १ लाख ६८ हजार. वय ३८, म्हणून गुणक १५. एकूण २५ लाख २० हजार, शिवाय इतर किरकोळ बाबी वेगळ्या. ही रक्कम गाडीमालकाच्या खिशातूनही नव्हे, विमा कंपनीने द्यायची होती. त्या घराच्या तोंडचे २३ लाखांहून अधिक रुपये कुणी काढून घेतले? पाटीवरच्या एका डोक्यावरच्या रेघेने!

म्हणून आम्ही म्हणतो, हा हौसेचा प्रश्न नाही. पहाटे रस्त्यावर कोण असते? झाडूवाली असते, नाक्यावर निघालेला बिगारी असतो, सायकलवर दूधवाला असतो, पायी चालणारी कातकरी बाई असते. गाडीत कोण असते, ते वाचकांना सांगायला नको. पाटी वाचता न येणे हे गाडीवाल्याच्या सोयीचे आणि पायी चालणाऱ्याच्या मरणाचे आहे. आणि ज्या दिवशी आपल्या पोराच्या गाडीखाली दुसऱ्या कुणा गरिबाचे लेकरू येईल, त्या दिवशी वाकवलेला 'जयभीम' त्या लेकराच्या आईला काय न्याय देणार? ज्या नावाने न्याय मागायचा, ते नाव अन्यायाच्या आडोशाला उभे करायचे काय?

दुसऱ्यांना सांगताना स्वतःच्या कपाळाकडेही पाहिले पाहिजे. आम्हा वकिलांच्या गाड्यांच्या काचेवर पांढऱ्या बॅंडचे चिन्ह असते. आमच्याही गाडीवर ते अनेक वर्षे होते. कोर्टात गाडी लावायला सोय म्हणून लावले, असे आम्ही सांगत असू. खरे कारण नाक्यावरचा हवालदार होते. मागच्या वर्षी ते काढून टाकले. हवालदार दोनदा अडवतो, कागद दाखवतो, पुढे जातो. काही बिघडले नाही. आपल्या चळवळीतही 'जिल्हाध्यक्ष', 'तालुका संघटक', 'राष्ट्रीय नेते' अशा पाट्यांचे पेव फुटले आहे. गट जितके जास्त तितक्या पाट्या जास्त. संविधानाच्या अनुच्छेद १८ ने किताब रद्द केले. तो अनुच्छेद गाडीच्या पाटीला शब्दशः लागू होत नाही हे आम्हाला ठाऊक आहे, पण त्यामागचा भाव संविधान मानणाऱ्यांना तरी लागू व्हावा की नाही? १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचा लाल दिवा गेला. मंत्र्याचा दिवा गेला आणि आमच्या तालुका संघटकाची पाटी राहिली, ही काय शोभा आहे?

जातीच्या पाट्यांबद्दल इतरत्र हालचाल झाली आहे. महाराष्ट्रातल्याच एका शिक्षकाच्या तक्रारीवरून डिसेंबर २०२० मध्ये उत्तर प्रदेशात गाड्यांवरील जातीच्या नावांवर कारवाई सुरू झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिथल्या शासनाने वाहनांवरचे जातीचे उल्लेख हटवण्याचा आदेश काढला. आपल्या राज्यात डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. वस्तीच्या कमानीवरची जात शासनाला खुपली, हे चांगले झाले. परंतु ती जात आपल्यावर लादलेली होती. गाडीवर मिरवलेली जात शासनाला कधी खुपणार? बळजबरीने चिकटवलेले नाव पुसायला निर्णय होतो आणि मस्तीने चिकटवलेल्या नावाला मात्र ५०० रुपयांत मोकळीक?

एक मुद्दा आमच्या टपरीवाल्याने काढला आणि तो विचार करण्याजोगा आहे. "मराठीत आकडे असते तर मी पटकन वाचले असते," असे तो म्हणाला. साक्षीदार सामान्य माणूस असतो, त्याला वाचता येईल अशी पाटी हवी, हे म्हणणे योग्यच आहे. पण त्यासाठी आपापल्या मर्जीने पाटी रंगवणे हा मार्ग नव्हे. नियमात बदल मागावा, लोकप्रतिनिधींना भाग पाडावे. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी सनदशीर मार्ग खुला असताना बेकायदा मार्ग धरण्यातला धोका दाखवला होता. तो इशारा मोठ्या आंदोलनांपुरता नाही, फुटभर पाटीलाही तो लागू आहे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. पहिली, न वाचता येणाऱ्या पाटीचा दंड गाडीच्या आणि आकड्याच्या किमतीशी जोडावा. ज्याने ६ लाखांचा आकडा घेतला त्याला ५०० रुपये ही शिक्षा नसून थट्टा आहे. दुसरी, पसंतीच्या क्रमांकांतून शासनाला जो महसूल मिळतो त्यातला ठरावीक हिस्सा अज्ञात वाहनाखाली मेलेल्यांच्या वारसांना द्यावा; २ लाखांत माणूस संपवू नये. तिसरी, १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी बसवण्याची मुदत वारंवार वाढवावी लागली. दुचाकीला ४५० रुपये आणि चारचाकीला ७४५ रुपये अधिक कर, असा तिचा दर. रिक्षावाल्यांकडे आणि दुचाकीवाल्यांकडे पोलीस ती मागणार असतील, तर 'दादा' आणि 'बॉस' यांच्यापासून सुरुवात करावी.

आणि आपल्या समाजबांधवांना विनंती. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आणि २० मार्चच्या महाडच्या वाटेवर आपली एकही गाडी अशी नसावी, जिची पाटी रस्त्याकडेच्या म्हातारीला वाचता येणार नाही. 'जयभीम' घराच्या दारावर लिहा, निळा झेंडा उंच धरा, गाणे मोठ्याने लावा. कुणी अडवले तर कोर्टात उभे राहायला आम्ही आहोत. पण पाटीवर फक्त नंबर ठेवा. आकड्यासाठी जमवलेले पैसे वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेला द्या. तिथल्या दिव्याखाली बसून उद्या एखादे पोर त्याच परिवहन कार्यालयात अधिकारी होऊन जाईल.

त्या मोटारसायकलवाल्या पोराने परवा आम्हाला थांबवून नवी पाटी दाखवली. नियमातली, सरळ, कोरी. तिच्या डाव्या कडेला निळ्या रंगात भारताची तीन अक्षरे आणि मग नंबर. "आता यात आपले काय राहिले साहेब?" असे त्याने विचारले. आम्ही त्या तीन अक्षरांवर बोट ठेवले. आपण सर्वप्रथम भारतीय आणि शेवटीही भारतीयच असावे, अशी बाबासाहेबांची इच्छा होती. त्या पाटीवर नेमके तेवढेच लिहिले आहे. सगळ्यांच्या पाटीवर तेवढेच असावे, एवढाच आमचा आग्रह आहे.

जयभीम!